घरटी एक हात

गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेवर सात मजली इमारत होणार, म्हणून गल्लीची सकाळची बैठक आमच्या हॉलमध्ये भरली होती. हा हॉल म्हणजेच माझी आणि नवऱ्याची झोपायची खोली. मी रात्रपाळी करून आले, तर आमच्या गुंडाळलेल्या गादीवर शिंपीकाका ठाण मांडून बसलेले. मी स्वयंपाकघराच्या दारात जांभया गिळत उभी राहिले.

"या गल्लीत आणखी माणसं कोंबली तर जीव घुसमटेल आपला!" सासरे तावातावाने म्हणाले. हे ते माझ्या उशीला टेकून म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. नवरा लोकांच्या पायांमधून वाट काढत चहाचे कप गोळा करत होता. त्याच इमारतीत आम्हाला एक खोली घ्यायची होती, पण वडिलांसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"इमारत नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा," सासरे म्हणाले. झाडून सगळे हात वर गेले. मग विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "हवी म्हणणारं आहे का कोणी?"

मी हात वर केला.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नवऱ्याने तेवढा आणखी एक कप उचलला.

सासरे रागावले नाहीत. उलट समजुतीने हसले. "अगं, आपल्या गल्लीत घरटी एकच हात मोजतात. आपल्या घराचा माझा झाला की. घे खाली."

मी हात खाली घेतला, तसे ते लाडाने म्हणाले, "उद्या तुमचं वेगळं घर झालं, की खुशाल वर कर."