चिमूटभर खत

"काय घातलंत यात?" बाईंनी विचारलं. प्रवासाची बॅग अजून त्यांच्या खांद्यावरच होती.

माळीमामा कुंडीकडे बघत राहिले. आठवड्यापूर्वी काचघर सांभाळणाऱ्या बाई रजेवर गेल्या, तेव्हा दवबिंदू नावाचं हे रोप कसं लालचुटूक होतं. वाटीच्या तोंडाएवढं, मातीला चिकटलेलं, पानांवरच्या केसाकेसाला चिकट थेंब. चिलट बसलं की पान हळूहळू मिटायचं आणि चार दिवसांनी उघडायचं, तेव्हा चिलटाचं नुसतं टरफल उरलेलं असायचं. मधून कळ्यांचा दांडा वर आला होता. ज्या दलदलीतून ते आणलं, ती बुजवून तिथं गोदामं बांधली होती. या जातीचं दुसरं रोप कुठंच उरलं नव्हतं, आणि बी धरायला आणखी पंधराच दिवस हवे होते.

आता पानं काळी पडली होती. दांड्यानं मान टाकली होती.

"फक्त पावसाचं पाणी, असं सांगितलं होतं ना मामा?"

"पाणी तेच दिलं बाई." मामांना या काचघरात तीस वर्षं झाली होती. मामांनी वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटेल, असं सगळे म्हणायचे. "तुम्ही गेलात आणि थंडी पडली. एक चिलट फिरकेना. कळ्या धरलेलं रोप, किती दिवस उपाशी ठेवायचं? मला राहवेना. चिमूटभर खत घातलं. पानं मलूल झाली. वाटलं, कमी पडलं असेल. मग आणखी घातलं."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी बोटानं माती बाजूला केली. मुळं कधीच जळून गेली होती.

"दलदलीच्या मातीत कस नसतोच मामा, म्हणून तर ते किडे खातं. खत त्याच्या मुळांना सोसत नाही."

"हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्हाला काय शिकवायचं, असं वाटलं मला."

मामांना रडू फुटत होतं, पण या वयात बाईंसमोर कसं रडायचं?

बाईंनी रोप अलगद उपटून, वाळवून नमुना म्हणून जपायला जाड कागदावर पसरलं. खाली तारीख घातली. रोप कशानं मेलं, तेही लिहायचं होतं. पेन तिथं थांबलं.

"कुठलं खत होतं?"

"पानांचं. दोन वर्षं कुजवलेलं," मामा म्हणाले. "इतकं चांगलं खत दुसऱ्या कुठल्या झाडाला मी देत नाही."