डावा खांदा

“गणवेश घालूनच ये,” आई फोनवर म्हणाली. “गल्लीतल्या सगळ्यांना बघू दे.”

दरवान हॉटेलच्या मागच्या जिन्यात उभा होता.

“कुठला गणवेश?”

“कुठला म्हणजे? रोज घालतोस तो. ढीगभर आहेत की काय तुझ्याकडे?”

त्याने हसल्यासारखं केलं, फोन ठेवला आणि परत काचेच्या फिरत्या दारापाशी येऊन उभा राहिला.

ते दार दिवसभर फिरायचं. माणसं आत यायची, बाहेर जायची, काचेत एकाची दोन व्हायची, आणि बघता बघता हा उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकला होता. गुळगुळीत फरशीवर दिवे उतरले की तिथे त्याला लष्करी अकादमीचं मैदान दिसायचं. धुकं असायचं. रांगेत तोही असायचा, आणि त्या धुक्यातून कवायतीचा उस्ताद ओरडायचा, “डावा खांदा! डावा खांदा वर घे!” जन्मापासूनच तो खांदा जरासा खाली. वर काढायला जावं तर मान वाकडी व्हायची, आणि अख्खी रांग गालातल्या गालात हसायची.

पण अकादमी सोडली ती खांद्यापायी नाही. नव्या मुलांवर ओरडायची पाळी आली, तेव्हा ह्याला ओरडताच येईना. समोरचं पोर घाबरून थरथरत होतं, आणि ह्याला वाटलं, त्याला आधी पाणी द्यावं. असला अधिकारी काय कामाचा! दुसऱ्या वर्षी तो बाहेर पडला.

ज्या शिष्यवृत्तीवर शिकला ती आता परत करायची होती, सगळीच्या सगळी. करारावर जामीन म्हणून सही आईची. एक हप्ता चुकला असता तर नोटीस थेट घरी गेली असती, आणि अधिकाऱ्याची आई म्हणून मिरवणाऱ्या त्या बाईला कळलं असतं की पोरगा कधीच घसरून खाली आलाय. ती भीती पोटात घेऊन तो राबला. पगार हप्त्यात जायचा, बक्षिशीवर पोट भरायचं. आज सकाळी शेवटचा हप्ता भरून झाला तेव्हा रस्त्यातच त्याला रडू फुटलं होतं. सुटलो रे बाबा! आणि दुपारी हा फोन.

आई गणवेशच शिवायची. ठेकेदाराकडून कापलेलं कापड आणि मापं घरी यायची. शाळांचे, बँडवाल्यांचे, दवाखान्यांचे, ज्याला म्हणून बटणं असतील ते सगळं तिच्या मशीनखालून जायचं. माणसं तिला नावाने कमी आणि मापाने जास्त लक्षात राहायची. शेजारचे काका तिच्या लेखी ‘बेचाळीस कंबर’. ते चिडायचे, ती हसायची. आणि चिंधी टाकून देणं म्हणाल तर तिच्या जिवावर यायचं.

“तुझा शाळेतला हिरवा स्वेटर पार उसवला रे,” मागे एकदा ती म्हणाली होती.

“मग टाकून दे ना.”

“टाकू कशाला? लागेल कुठेतरी.”

फोनवर तो खोटं बोलायचा नाही. अर्धं खरं बोलायचा.

“उभं राहून पाय भरून येतात का रे?”

“सवय झाली, आई.”

“लोक सलाम ठोकत असतील तुला.”

“मीच ठोकतो. मोठमोठे साहेब येतात इथे.”

“ठोक की. त्याने काय हात झिजतो?” आई म्हणायची, आणि विषय भाजीवर जायचा.

दुपारी हॉटेल पेंगुळलं. दारसुद्धा झोपेत कूस बदलावी तसं अधूनमधून फिरत होतं. त्याने सगळ्या दरवानांच्या मुकादमाला गाठलं. मिशांमुळे त्यांना सगळे मिशीकाका म्हणायचे.

“काका, दोन दिवस घरी जायचंय. हा कोट नेऊ?”

“ने. पण डाग पडला तर तुझी खैर नाही. आणि जपून हं, असा कोट पुन्हा मिळायचा नाही.”

ते खरंच होतं. नोकरीला लागल्यावर कोट शिवून आले तेव्हा बाकीच्यांचे कुठे ढगळ, कुठे आखूड. ह्याचा मात्र अंगावर ओतल्यासारखा. “लेका, तू तर सेनापती दिसतोस!” मिशीकाका ओरडले होते. त्याने आरशात पाहिलं, तर जन्मात पहिल्यांदा दोन्ही खांदे सरळ. भारी कापडाची करामत, असं त्याने मनाशी म्हटलं आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

आता कपडे बदलायच्या खोलीत त्याने कोट मांडीवर घेतला. निळं कापड, पितळी बटणं. खांद्यावरची सोनेरी झालर आणि हॉटेलचं चिन्ह तेवढं काढलं की लांबून खपून जाईल. कपड्यांच्या बाबतीत आईच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे हद्दच, पण दुसरा इलाज नव्हता. एवढी वर्षं लपवलेलं आज उघडं करायचा धीर त्याच्यात नव्हता. घरी गेल्यावर तिचा चेहरा पडलेला त्याला बघवला नसता.

उजवीकडची झालर सहज निघाली. खाली नुसतं कापड आणि अस्तर. डावीकडची मात्र हटेना. टाका इतका घट्ट, इतका बारीक, की ब्लेड शिरेना. त्याने जोर लावला. ब्लेड सटकलं आणि खांद्याची शिवण टर्रकन उसवली.

“मेलो!” तो पुटपुटला. आता मिशीकाका जीव घेणार.

उसवलेल्या फटीतून काहीतरी मऊ वर आलं होतं. ते आत दाबायला त्याने बोट घातलं. हाताने विणलेल्या लोकरीची घडी होती ती, नीट दुमडून टाचलेली. त्याने ती हलकेच उजेडात ओढली.

हिरवी.