सहा महिन्यांचा नेम

“एवढ्यावर भागतंय तुझं?” चिमणाबाईंनी सुनेच्या ताटात डोकावून विचारलं.

संयोगिताच्या ताटात अर्धी भाकरी होती. तीही निम्मी उरलेली.

“भागतं की, आत्ती.”

सासूबाई समोर मांडी घालून बसल्या होत्या. गेले पाच महिने रोज हेच. संयोगिता शाळेत शिकवून दुपारी घरी आली की त्या तिला वाढायच्या आणि तिचा घास न् घास बघत राहायच्या.

“दुपार कलली की पोटात कालवत न्हाई?”

“नाही.”

“चक्कर?”

“नाही, आत्ती.”

“आन् भूक लागली तर काय करतीस?”

“दत्त महाराज निभावून नेतात.”

चिमणाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. पेपरात कॉपी करणाऱ्या पोरांकडं संयोगिता अशीच बघायची.

निभावून दत्त महाराज नेत नव्हते. तिच्या पोटात अर्धा लिटर पाण्यानं भरलेला सिलिकॉनचा फुगा होता.

तिच्या नवऱ्याच्या, कृष्णातच्या छातीत कळ आली, तिथून हे सुरू झालं. अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी कागद त्याच्या हातात दिले आणि नजर हिच्यावर टाकली. काट्यानं एकशे चार किलो दाखवले. ऑपरेशनचं नाव काढताच ती रडायला लागली. मग डॉक्टर म्हणाले, पोट कापायचं नसेल तर फुगा आहे. तोंडावाटे नळीनं आत सोडायचा, पाण्यानं भरायचा आणि सहा महिन्यांनी तसाच काढायचा. थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं. तेवढंच खायची सवय मात्र तुमची तुम्ही लावून घ्यायची.

“आईला सांगून टाक,” कृष्णात म्हणाला होता.

पण भावकीतल्या एकीनं वजनासाठी ऑपरेशन केलं, तेव्हा चिमणाबाई भर मांडवात म्हणाल्या होत्या, “तोंड हिचं सुटलंय, आन् टाकं पोटाला व्हय?” सगळा मांडव हसला होता. सगळ्यात मोठ्यानं संयोगिता हसली होती.

म्हणून ती ‘तपासणी’ला गेली आणि घरी येऊन म्हणाली, नृसिंहवाडीच्या दत्ताचा नेम धरलाय, सहा महिने दिवसातून एकदाच जेवायचं. ज्या घरात पावण्याला तिसऱ्यांदा रस्सा वाढल्याशिवाय उठू देत नाहीत, तिथं दुसरं कुठलं कारण चाललंच नसतं.

“कशापायी गं?”

“सांगायचं नसतं, आत्ती.”

चिमणाबाईंनी तिथूनच देवाला हात जोडले. पुन्हा कधी विचारलं नाही.

शाळेत मधल्या सुट्टीत ती भिंतीकडं तोंड करून सूप प्यायची. संध्याकाळी शिकवणीच्या घरी ताक. रात्री रश्श्याचा वास सुटला की खोलीत जाऊन दार लावायची.

“तू पड जा,” चिमणाबाई म्हणायच्या. “किस्नाला मी वाढतो. मागनं माझं मी जेवतो.”

किलो उतरत गेले. ब्लाऊज आत घ्यायला शिवणकाम करणाऱ्या स्वप्नालीकडं टाकायचे होते, तर चिमणाबाईंनीही आपल्या दोन चोळ्या पिशवीत कोंबल्या. “जुन्या झाल्यात. सैल पडाय लागल्यात.”

महिला मंडळाच्या विमलाताईंनी तर कहर केला. हळदी-कुंकवाला संयोगिताला माइकपुढं उभं केलं. “नेम पाळावा तर असा! घरात मटण रटरटतंय आणि ही बया वळून बघत नाही!” टाळ्या पडल्या. दत्त महाराजांची कृपा, एवढंच ती कसंबसं बोलली. पहिल्या रांगेत सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या. टाळ्या वाजवत नव्हत्या.

यांना कळलंय, संयोगिताच्या मनानं घेतलं. फक्त चारचौघांत बोलत नाहीत.

त्या दिवसापासून तिला त्यांच्यासमोर घास उतरेना. फुग्यानं जेवढी जागा ठेवली होती, तेवढीही लाजेनं भरली.

सहा महिने झाले. सोमवारी फुगा काढला. पुन्हा ‘तपासणी’च. गुरुवारी सासू-सुना नेम सोडायला नृसिंहवाडीला गेल्या. एसटीत चिमणाबाई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या आणि संयोगिता मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. पादुकांपुढं हात जोडले, पण तिला वर बघवेना. खोटं बोलून सहा महिने काढले, ते काढले. खोटं पोटात ठेवून प्रसाद मात्र खायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

पंगतीत दोघी शेजारी बसल्या. भात आला, आमटी आली.

“आत्ती, मला एक सांगायचंय. माझ्या नेमाचं.”

“आदी जेव.”

“नाही, आधी ऐका. मी तुम्हाला—”

“गप गं. भात निवतोय.”

चिमणाबाईंनी भात कालवला. पहिला घास गिळायच्या आत दुसरा तोंडात गेला. वाढप्याला हाक मारून त्यांनी परत भात घेतला, मग आमटी, मग पुन्हा भात. आमटी काही तिखट नव्हती, तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. संयोगिताचा हात ताटातच राहिला.

पाणी पिऊन चिमणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

“तू सांगितलं न्हाईस, पर मला कळत न्हाई व्हय? किस्नाच्या छातीत कळ आली आन् तू नेम धरलास. सून माझ्या लेकापायी एकदाच जेवती आन् मी आई हून दोनदा गिळू? मीबी धरला, तुझ्यासंगं. पर तुझ्यागत न्हाई जमलं, बाई. तुला टाळ्या पडल्या, तवा मला लाज वाटाय लागली. रोज राती पोटाशी उशी धरून रडलोय मी भुकेनं.”

त्या तिच्याकडं सरकल्या. आवाज अगदी खाली आणला.

“आता देवाच्या दारात तरी खरं सांग, तुला भूक कशी लागत न्हवती?”