चौथा कोपरा

जावाच्या किनाऱ्यावरील वार्तिनीच्या जागेचा चौथा कोपरा समुद्राने गिळला होता. "मावशी, तोही मोजायला हवा, नाहीतर सगळी जागा बुडालेली धरून तुमची नोंद रद्द होईल," मोजणीदार म्हणाला. गावच्या रिवाजाप्रमाणे कोपऱ्यावर टेप घरच्याच माणसाने धरायची असते. शेजारचा तार्जो हसला. "घरचं कोण उरलंय हिचं? खेकड्यांना सांगा धरायला." वार्तिनीने टेपचे टोक हातात घेतले. त्याच कोपऱ्यात तिने लेकाची नाळ पुरली होती, आणि दोन वर्षांपूर्वी होडीसकट बुडालेला तो लेक अजून सापडला नव्हता. मोजणीदार टेपचे दुसरे टोक धरून तिसऱ्या कोपऱ्यावर थांबला. गुडघाभर पाण्यात शिरून तिने टेपचे टोक सोडून दिले. टेप हळूहळू समुद्राकडे सरकत गेली आणि ताठ झाली. मोजणीदाराने आकडा जुन्या कागदाशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. "नीट धर रे, पोरा," वार्तिनी म्हणाली, "साहेब अजून लिहितायत."