चकचकीत जोड

लोखंडी पट्टी वाकलीच नाही. दाबयंत्राचा दांडा खाली आला, कट्‌ असा आवाज झाला आणि बरोबर जोडावरच तिचे दोन तुकडे झाले; जोड पक्का असता तर ती नुसती वाकली असती.

वेल्डिंगच्या परवान्याच्या परीक्षेला जमलेले कुमासीचे सगळे वेल्डर माना उंचावून बघायला लागले. कारण पट्टी उस्ताद बारिमाची होती. गावात नवं घर बांधलं की फाटक बारिमाचंच हवं, नाहीतर पाहुणे नावं ठेवायचे. कठड्याच्या नक्षीत लोखंडाच्या कोकोच्या शेंगा वळाव्यात त्या त्यानंच.

"जोड घासायचा नाही, जसा जमला तसा आणायचा, असं सांगितलं होतं ना, उस्ताद?" परीक्षक लाम्प्टे मॅडम म्हणाल्या.

"सवयीनं हात गेला," बारिमा पुटपुटला. जोड घासून गुळगुळीत केल्याशिवाय त्याला चैनच पडायचं नाही.

"पट्टी लग्नाला निघाली होती वाटतं, एवढी नटून," मागून कुणीतरी म्हणालं. बारिमालाही कसंनुसं हसावं लागलं.

मॅडमनी एक तुकडा त्याच्या हातात दिला. वर तेवढी चकाकी. आत लोखंड लोखंडाला शिवलंसुद्धा नव्हतं. वेल्डिंग नुसतं वरवर टाकलेलं, आणि त्यातलंही निम्मं त्यानंच घासून उडवलेलं.

"तुमचे सगळे जोड असेच असतात का?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे, छे. आज हात जरा थरथरला."

थरथरला कसला डोंबल. हात नेहमीसारखाच चालला होता, जन्मभर चालत आला तसाच. मॅडम म्हणाल्या, पुढच्या खेपेला या, ही गोष्ट इथंच राहील. त्या चांगुलपणानं तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. घरी त्यानं ताटातल्या फुफूच्या गोळ्याला हात लावला नाही. बायकोनं निकाल विचारला तर तिच्यावरच खेकसला. वाटेत आपलीच फाटकं बघत येताना त्याच्या डोळ्यांपुढं एकसारखा शाळेच्या वरच्या मजल्याचा कठडा आला होता, तोही त्यानंच केलेला. मधल्या सुट्टीत पोरं त्यावर ओणवी होऊन खालच्यांना चिडवतात.

दुसऱ्या दिवशी तो लोखंड कापायचा विजेचा कटर घेऊन शाळेत गेला. थाप तयार होती: नक्षी जुनी झाली, नवी बसवून देतो.

वरच्या व्हरांड्यात हेडबाई सेरवा भेटल्या. "अहो, चांगली तर आहे नक्षी. आणि आज लाइट गेलीय, तुमचं मशीन चालायचं कसं? या सावकाश उद्या-परवा."

बारिमाला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली. तो कटर उचलून जिन्याकडे वळला, तोच घंटा झाली. वर्गांची दारं उघडली आणि पोरं कठड्याकडे धावत सुटली.

तो मागं फिरला. कठड्यापुढं हात पसरून उभा राहिला.

"कुणी पुढं यायचं नाही. हा कठडा कच्चा आहे. मी केलाय, मला ठाऊक आहे."

पोरं जागच्या जागी थबकली. पन्नाशीच्या उस्तादाचे डोळे भरलेले बघून एक मुलगी घाबरून मागं सरली. सेरवाबाईंना मात्र हसू आलं.

"काहीतरीच तुमचं, उस्ताद. तुमचं काम, आणि कच्चं? लाइट येऊ द्या, मग कापा काय कापायचं ते. तोवर पोरांना उभं राहू द्या."

बारिमा कठड्याकडे वळला. त्यानं कटर खाली ठेवला, नक्षीतली कोकोची शेंग दोन्ही हातांनी धरली आणि आपल्याकडे ओढली. शेंगेसकट कठड्याचा खांब बुडाशी, जोडावरच सुटून त्याच्या हातात आला.

कापायला लाइट लागलीच नाही.