सातवं नाक

आमच्या धम्मपालचा धीर बघायचा असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरी या. कुठल्याशा परदेशी पोरांनी जगभरातून वर्गणी काढून कॉम्प्युटरवरचा गेम बनवायला घेतलाय. सहा वर्षं झाली, गेमचा पत्ता नाही. पण तो कसा बनतोय याचा व्हिडिओ दर महिन्याला येतो, आणि वर्गणी भरून बसलेला हा चौतीस वर्षांचा घोडा जेवण गार करून तो बघतो. या खेपेला त्यांनी गेममधल्या राणीचं नाक सातव्यांदा बदललं, तर मलाच म्हणतो, "आई, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो."

हाच माणूस चाकणच्या कंपनीत माल तपासायला आहे. केसाएवढा ओरखडा दिसला की पार्ट रिजेक्ट. मुली बघायला गेला तरी तेच. थेरगावची बसक्या नाकाची, पिंपरीच्या मुलीच्या हसताना हिरड्या दिसतात. पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत साहेबांचा नकार तयार.

गेल्या आठवड्यात तळेगावच्या नेहाला बघून आलो. पहिल्यांदाच साहेबांना मुलगी पसंत पडली. काल तिच्या वडिलांचा फोन आला, मुलगीच नाही म्हणतेय.

धम्मपाल तोंड पाडून म्हणाला, "अर्ध्या तासात माणूस कळतो का, आई? तिनं थोडा वेळ तरी द्यायचा मला."

मी म्हटलं, "बाबा रे, त्या गेमचं काहीतरी बनतंय एवढं तरी दर महिन्याला दिसतं. तुझं काय बनतंय, ते चौतीस वर्षांत मला आईलासुद्धा दिसलेलं नाही!"