पाठमोरा कर्णा

गुडघ्यांनी संप पुकारला त्याला दोन वर्षं झाली. माझं रानात जाणं बंद झालंय, हे मी लेकीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती तिकडची नोकरी टाकून धावत येईल. म्हणून दर रविवारी तिचा फोन आला, की मी पक्ष्यांच्या जुन्या नोंदवहीतलं एखादं पान उघडतो आणि आजचं म्हणून तिला सांगतो.

"बाबा, आज कोण भेटलं?"

"कर्णा. नर होता. पण बेटा आपल्याकडे पाठ करून बसलेला. पोटाचा तो लालभडक रंग काही केल्या दाखवेना. अर्धा तास मी दगडासारखा उभा. शेवटी एकदाचा वळायला लागला..."

"आणि?"

"आणि उडाला."

"आपोआप?"

वहीत पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"पाखरूच ते. मनात आलं, उडालं," मी म्हणालो.



"मी शिंकले होते, बाबा. सात वर्षांची होते. तुम्ही रागावला नाहीत, वहीतही तसं लिहिलं नसणार. पण घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हतात."

मी वही मिटली.

"मिटलीत ना वही? उघडा परत," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी नवरंगाचं पान वाचा. तेव्हाही मी बरोबर होते."